मोठ्या शिताफीने

मोरबी, २ फेब्रुवारी

राजकुमार,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. नुसतं नाव राहू दिलं.

तू माझा नंबर ब्लॉक केला. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून कट केला. कागद ब्लॉक करता येत नाही म्हणून हा कागद. घरी नाही, तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. पोस्टमन झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हातात देईल आणि तुला घ्यावाच लागेल. अक्षर वाकडं येईल. नववीत शाळा सोडली तेव्हापासून सही सोडून काही लिहिलं नाही. गुरुजी म्हणायचे, पत्रात मले-तुले लिहायचं नसते. म्हणून मला-तुला लिहितो.

एकच विचारायचं आहे. शिताफी म्हणजे काय?

तू लिहिलेला शब्द आहे. तुझ्या पहिल्याच बातमीतला, जिच्यावर 'तालुका प्रतिनिधी' म्हणून पेपरवाल्यांनी तुझं नाव टाकलं ती. 'दुचाकी चोरीप्रकरणी ठाणेदारांच्या पथकाने सापळा रचून गोकुळ पुंजाजी (वय २३) यास मोठ्या शिताफीने ताब्यात घेतले.' मला पाठ आहे. तुलाही असेल.

आता काय झालं होतं ते लिहितो. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू वेगळं लिहिलं.

बाजाराचा दिवस होता. मी गॅरेजवर एका गाडीची चेन बसवत होतो. तुझा फोन आला. "अबे गोक्या, ये न चाहा प्याले. आलं टाकून सांगतला हाये." मी चिंधीला हात पुसत आलो. तुझ्या दुकानासमोर लाल स्टुलावर बसलो. कप हातात घेतला. तू म्हणाला, "साखर कमी हाये काय बे?" मी म्हटलं, "नाई, बराबर हाये." तेवढ्यात मागून कॉलर धरली. त्या कपाचं पुढं काय झालं मला आठवत नाही. पण मी उठलो नाही, हे आठवतं. पळणं सोड, मी उठलोसुद्धा नाही.

बसलेल्या माणसाला पकडायला शिताफी किती लागते, राजकुमार? मोठी लागते की लहान?

थोड्या दिवसांनी खरे चोर जालन्याकडे सापडले. मला सोडलं. "जाय घरी," म्हणाले, एवढंच. ते कुठंच छापून आलं नाही. मी तुझ्या दुकानात येऊन म्हटलं, हेही टाक. तू म्हणाला, "सुटल्याची बातमी होत नसते बे."

घरी गेलो तर बाबा ओट्यावर बसले होते. त्या दिवशी तेही बाजारात आले होते, बैलांसाठी ढेप घ्यायला, पण लवकरच्या बसनं परत गेले होते, म्हणून त्यांनी काही पाहिलं नव्हतं. जे कळलं ते तुझ्या पेपरातून. कात्रण बंडीच्या खिशात. मी म्हटलं, "बाबा, सोडलं त्यायनं मले. मी नव्हतो."

"पेपरात त शिताफीनं पकडलं लिहेल हाये."

"लिहेल असन. मी त चाहा पिऊन राह्यलो होतो."

"चाहा पिणाऱ्याले शिताफी कायले लागते? पळणाऱ्याले लागते. अन् पळते कोण? ज्यानं केलं तो."

मी पाहिलं, ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते, कात्रणाकडे बघून बोलत होते. मायनं ताट वाढलं तर ते ओट्यावरून उठून वावरात गेले. त्यानंतर मी घरात असलो की ते बाहेर, ते घरात आले की मी बाहेर. मग मीच निघालो. पहिले पुण्याकडे, मग सुरत, आता हे मोरबी, फरशीचा कारखाना. एका जागी पाय ठरत नाही. माय म्हणते तुझ्या पायाला भोवरा आहे. भोवरा पायाला नाही.

आता कामाचं. आखाजीच्या सणानंतर वंदनाचं लग्न आहे. तुला कळलंच असेल, पत्रिका तुझ्याचकडे छापायला येतील. देऊळगाव राजाकडचा मुलगा आहे, भागवत. माणसं चांगली आहेत म्हणते वंदना. पण बाबांनी सांगून ठेवलं आहे, "गोकुळ मांडवात नको. सोयऱ्यायनं नाव ओळखलं त?"

मला बातमी परत नको. माफी नको. तू फक्त माझ्या बाबांकडे जा आणि तोंडानं सांग, की काका, तो पळाला नव्हता, चहाला मीच बोलावलं होतं, तो बसला होता. कागदावर नको, त्यांना कागदाचंच वेड लागलं आहे. तोंडानं सांग. तेवढं केलं तर मी बहिणीच्या लग्नाला येऊ शकतो. नाही केलं तर नाही येऊ शकत.

गोकुळ


मोरबी, १ मार्च

राजकुमार,

तुझं उत्तर मिळालं. कागदावर नाही, वंदनाच्या तोंडून. पत्रिकेचा नमुना दाखवायला घरी आला होता म्हणे. बाबा ओसरीत बसले होते, त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलला. चहा प्यायला. आणि निघताना वंदनाला फाटकापाशी म्हणाला, "गोकुळले सांग, शिताफी म्हणजे काहीच नाई. पेपरची भाषा हाये ते. कोणालेही पकडलं की शिताफीनंच लिहा लागते. नावाच्या आधी श्री लावते तसं."

वा. म्हणजे अर्थच नसलेला शब्द होता, आणि त्यानं माझा बाप गेला.

मी काय केलं ऐक. इथं मराठी पेपर मिळत नाही, पण मोबाइलवर सगळे दिसतात. पाळी सुटली की खोलीवर पडल्या पडल्या तो शब्द शोधत बसतो. माझ्या खोलीतला उडिया पोरगा विचारतो, "क्या देखता है रे इतना?" मी म्हणतो, "एक आदमी को ढूँढ रहा हूँ." तर पाहा, कुठं कुठं सापडला. घाटात ब्रेक निकामी झाले, चालकाने शिताफीने एसटी डोंगराच्या बाजूला घातली, सगळे वाचले. विहिरीत पडलेला कोल्हा वनवाल्यांनी शिताफीने वर काढला. कबड्डीत कोणी तरी शिताफीने निसटला आणि गाव जिंकलं. चांगला शब्द आहे रे. जीव वाचवायच्या कामाचा शब्द आहे. आपल्याकडे बोलताना कोणी वापरत नाही, आपण म्हणतो हात चालते, पोट्टा चलाख हाये, फुर्ती हाये त्याच्यात. हा फक्त पेपरात राहतो, इस्त्रीच्या कपड्यासारखा. कधीमधी कोणाच्या अंगावर घालतात आणि तो माणूस बरा दिसतो.

मलाही एखादे वेळी बरा दिसला असता. हिवरा आश्रमची पंगत आठवते का? एवढी मोठी पंगत, ट्रॅक्टर हळूहळू चाललेला, ट्रॉलीत पुऱ्यांचा ढीग, वाढायला तू एका बाजूला आणि मी दुसऱ्या. तुझ्या बाजूची माणसं ओरडायची, "ओ भाऊ, इकडं राह्यली!" माझ्या बाजूला एक ताट सुटलं नाही. ट्रॉलीवरचे एक बुवा म्हणाले होते, "या पोराच्या हाताले डोळे हायेत काय?" तू घरी येईपर्यंत सगळ्यांना सांगत होता. माझ्यापेक्षा तुलाच जास्त गर्व.

तसंच तू गाडीचंही सांगितलं. तुझी चावी लोणारला सरोवराच्या पायऱ्यांवर कुठं तरी पडली, आणि मी वायर जोडून गाडी सुरू करून दिली. तू बघतच राहिला. "अबे, मी बिडी पेटवली तोपर्यंत गाडी चालू!" त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगायचा, बिनचावीची गाडी गोकुळसारखी कोणी सुरू करत नाही. मी हसायचो. मला काय माहीत, की पोलीस ठाण्याचे लोकही तुझ्याकडेच झेरॉक्स काढतात.

त्यांनी विचारलं असेल, बाजारातून गाड्या चोरीला जातात, चावीशिवाय गाडी सुरू करणारा कोणी आहे का गावात. तू नाव सांगितलं. तिथपर्यंत मी समजू शकतो, खरंच. विचारलं तर माणूस सांगतो. पण मग ते म्हणाले असतील, कुठं सापडेल? आणि तू म्हणाला, थांबा, बोलावतो.

आता ऐक. वंदनाला मी शब्दाचा अर्थ विचारला. ती बी.ए.ला आहे, तिच्याकडे कोश आहे. तिनं फोनवर वाचून दाखवलं. चपळाई, कौशल्य असं काय काय होतं. मी म्हटलं, "सोपं करून सांग." ती म्हणाली, "समोरच्याले पत्ता लागाच्या आत काम उरकून टाकणं."

राजकुमार, शब्द बरोबर आहे. मी उगाच भांडत होतो. शब्द एकदम बरोबर बसला आहे, फक्त नाव चुकलं आहे. ठाणेदाराचं नाही, तिथं तुझं पाहिजे. आलं टाकून चहा सांगितला. साखर विचारली. मी 'बराबर हाये' म्हणालो. पत्ता लागला का मला?

मागच्या आठवड्यात इथल्या मुकादमाच्या स्कूटरची चावी हरवली. सगळे बघत उभे. मला दोन मिनिटांचं काम होतं. मी हात खिशात घातले. म्हटलं, "मुझे नहीं आता." मग ती स्कूटर भर उन्हात ढकलत मिस्त्रीपर्यंत नेली, मीच. मुकादम म्हणाला, "लाइन पे तेरा हाथ इतना तेज चलता है, और दिमाग इतना धीमा?" सगळे हसले. मीही हसलो.

तू अजून बाबांशी बोलला नाही. पावसापाण्याचं बोलायला गेला होतास तेव्हाच बोलायचं होतं.

गोकुळ


गांधीधाम, ६ एप्रिल

राजकुमार,

मोरबी सोडलं. कोणाशी भांडण नाही, असंच. इथं लाकडाच्या गोदामात लागलो. पत्ता पाकिटाच्या मागं लिहिला आहे.

पत्रिका पाहिली. वंदनानं फोटो पाठवला. चांगली छापली. गणपती छान आहे. 'आपले नम्र' खाली बाबा, काका, आत्याकडचे, मामाकडचे, सगळ्यांची नावं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात तुझ्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. माझं नाही. तुझं आहे.

बाबांनीच नको म्हटलं असेल, मला माहीत आहे. पण तू टाइप करताना एकदा तरी म्हटलं का, काका, एक नाव राहिलं?

वंदना फोनवर रडली. तिचं म्हणणं एकच, कान कोण पिळणार? लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ उभा राहतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. लहानपणी ती माझाच कान ओढून सराव करायची आणि म्हणायची, "माह्या लग्नात तू असा पीळजो, नवऱ्याचं मुंडासं पडलं पाह्यजे." आता काका म्हणतात, चुलतभाऊ पिळेल, काय फरक पडते. तिला फरक पडतो.

मी जालन्यापर्यंतचं तिकीट काढून ठेवलं आहे. तिच्यासाठी घड्याळ घेतलं आहे. बारीक पट्ट्याचं, तिच्या मनगटाला मोठं होणार नाही असं. मांडवात नाही तर मांडवाच्या बाहेर उभा राहीन म्हटलं होतं, पण तसा मी येणार नाही. चोरासारखं बाहेरून बघितलं तर ते खरंच होईल.

म्हणून हे शेवटचं. आता विनंती करत नाही. तू गेला नाहीस तर या तिन्ही पत्रांतलं मी कोणाला सांगणार नाही, तुझ्या दुकानासमोर येऊन ओरडणार नाही, काही करणार नाही. घाबरू नको. फक्त तुला आयुष्यभर माहीत राहील, की एका वाक्याचं काम होतं. लिहायचंही नव्हतं. बोलायचं होतं. आणि बोलून बोलून माणसाला बसवून ठेवणं तुला किती चांगलं जमतं, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

गोकुळ


गांधीधाम, २१ एप्रिल

राजकुमार,

परवा तुहा फोन आला अन् मी सगळं आयकून घेतलं. तुले वाटलं असन लाइन कटली. मीच कट केली होती.

आता पेपरच्या भाषेत लिवत नाई. मले-तुलेच लिवतो. गुरुजी पाहाले येत नाईत.

तू म्हटलं तेच पुन्हा लिवून ठेवतो, म्हणजे मले खरं वाटन.

तू म्हणे, "गेलतो तुह्या बापाकडे. वावरातच गाठलं. सगळं सांगतलं. म्हटलं काका, मीच बलावलं होतं चाहाले, तो पळाला नाई, बसेल होता."

मंग तू म्हणे, "बुढा काय म्हणे माहीत हाये? म्हणे, मले काय सांगतं? मी समोरच्या ढेपीच्या दुकानात होतो. मले दिसून राह्यलं होतं."

मले वाटलं तू बनवून सांगून राह्यला. बातमीदार माणूस. पण मंग तू सांगतलं, बाबा म्हणे, "त्यायनं कॉलर धरली त पोरगं कप ठिवाले जागा पाहून राह्यलं होतं. चाहा सांडू नये म्हणून."

ते तुले बनवता नसतं आलं. ते मलेच आठवत नव्हतं. आता आठवलं. स्टुलाच्या बाजूले तुह्या झेरॉक्सच्या कागदाचा गठ्ठा होता, त्याच्यावर ठिवला असता त कागद खराब झाले असते. तुहे कागद. म्हणून मी जागा पाहत होतो.

अन् तो समोरून पाहत होता. रस्त्याच्या पल्याड. हाक मारली असती त ऐकू आली असती मले. मंग त्याची बस लागली अन् तो बसमंधी चढला. कोणाले पत्ता लागाच्या आत. माह्यासुद्धा. दोन वर्स मले वाटलं, एक मोठ्ठा शब्द आमच्या मंधात येऊन बसला. तो शब्द कुठं येऊन बसला होता? त्यानंच बसवला होता, अन् स्वतः त्याच्या मांगं लपला. चाहा पिणाऱ्याले शिताफी कायले लागते म्हणे. पाहूनच म्हणत होता तो. माह्याकडे न पाहता म्हणत होता, ते काऊन, हे आता समजलं.

तू म्हणे, त्यानं तुह्यासमोर हात जोडले. "पोराले सांगू नको," म्हणे. अन् तू दुसऱ्या दिवशी मले फोन केला. वा रे. सुटल्याची बातमी होत नसते, याची होते.

मी लय इचार केला. आलो त काय होईन? मांडवात मी उभा राहीन, अन् बाप माह्या तोंडाकडे पाहीन, अन् त्याले समजन का मले माहीत हाये. माहे डोळे लपवाले मले येत नाई. सोयरे येतीन, वाजंत्री वाजन, अन् पोरीच्या लग्नात बापाची मान खाली. बापाचं सोड. त्याच्यासाठी नाई करून राह्यलो मी हे, त्याच्यावर त मले लय राग हाये. वंदनाचा तो एकच दिवस हाये.

म्हणून तिकीट परत केलं.

तू आता कोणाले काही सांगू नको. त्याले त अजिबात नाई. मले माहीत हाये, हे त्याले माहीत नको पडू देऊ. कात्रण बंडीत हाये त राहू दे. खुलासा छापू नको. मोठ्या शिताफीनेच राहू दे. त्याच्याजवळ टेकाले तेवढंच हाये. ते बी काढून घेतलं त म्हातारा कोणावर टेकन? मले सुट्टी भेटली नाई म्हण. वंदनाले बी हेच सांगजो. ती इश्वास ठिवणार नाई, तरी सांगजो.

घड्याळ पार्सलनं तुह्या दुकानावर पाठवलं हाये. तिच्या हातात दे, बाबाच्या नाई.

अन् कान तू पीळ. चुलतभाऊ नको, तू पीळ. लाहानपनी आमच्या घरी जेवला, तिनं तुले बी राखी बांधेल हाये. मांडवात माह्या जागी तूच उभा राह्य, तुले माह्या जागेची सवय हाये. भागवत चांगला माणूस हाये म्हणते, त त्याले आधी गोष्टीत गुतव. गरमी हाये काय, पाणी पाह्यजे काय, असं काही तरी इचार. तो 'बराबर हाये' म्हणन.

तेवढ्यात पीळ. जोरात पीळ. मुंडासं पडलं पाह्यजे.

गोकुळ